धावण्यापूर्वी हृदयाची तपासणी : क्रम कोणता, खर्च कोणाचा?

लष्कराची छावणी असलेल्या गावात पहाटे रस्त्यावर धावणारी तरुण मुले हे नेहमीचे दृश्य असते. झाशी त्याला अपवाद नाही. हॉकीपटू ध्यानचंद यांचे वडील सैन्यात होते. त्यांच्या बदल्यांच्या ओघात कुटुंब झाशीत स्थिरावले आणि १९२२ मध्ये ध्यानचंद स्वतः शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाले. खेळ आणि सैनिकी नोकरी यांची ही सांगड बुंदेलखंडात जुनी आहे. शेती कोरडवाहू, उद्योग मोजके; त्यामुळे सैन्य, पोलीस, निमलष्करी दले आणि वनखाते यांतील नोकरी हेच अनेक कुटुंबांच्या स्थैर्याचे साधन ठरते. या प्रत्येक नोकरीची वाट धावण्याच्या चाचणीतून जाते. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धावावे लागते. उत्तर प्रदेश पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना ४.८ किलोमीटर २५ मिनिटांत, तर महिला उमेदवारांना २.४ किलोमीटर १४ मिनिटांत पूर्ण करावे लागतात.

या भरत्यांच्या क्रमाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उमेदवार आधी धावतो आणि धावण्यात उत्तीर्ण झाला तरच डॉक्टरांसमोर उभा राहतो. प्रशासकीय दृष्टीने हा क्रम तर्कशुद्ध आहे. डॉक्टरांचा वेळ दुर्मीळ व महाग, मैदान आणि घड्याळ स्वस्त. म्हणून स्वस्त चाळणी आधी आणि महाग चाळणी नंतर. परंतु या हिशेबात एक खर्च धरलेला नसतो. ज्याच्या हृदयात जन्मतः दोष आहे आणि ज्याला त्याची कल्पना नाही, अशा तरुणाला जिवाच्या आकांताने धावण्यास सांगण्याचा तो खर्च होय. स्पर्धेपूर्वीच्या हृदयतपासणीची जागतिक चर्चा व्यावसायिक खेळाडूंभोवती फिरते. भारतात मात्र या प्रश्नाचा खरा आकार भरतीच्या मैदानावर दिसतो, कारण सर्वाधिक तरुण तेथेच, तेही अपुऱ्या सरावानिशी, कमाल वेगाने धावतात.

अलीकडच्या घटना

जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी काही दिवसांच्या अंतराने किमान चार उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर चाचणीच्या वेळा बदलण्यात आल्या आणि पुढील भरत्यांमध्ये पुरुषांसाठी १६०० मीटर हे अंतर रूढ झाले. मे २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बालाघाट येथे वनरक्षक भरतीच्या २५ किलोमीटर चालण्याच्या चाचणीत, झाशीला लागून असलेल्या शिवपुरी जिल्ह्यातील एका उमेदवाराचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १० किलोमीटर एका तासात धावावे लागत होते. त्या भरतीत दहाहून अधिक तरुण दगावले आणि सप्टेंबरच्या प्रारंभी चाचण्या काही दिवस थांबवाव्या लागल्या.

या सर्व मृत्यूंचे कारण हृदयविकार होते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. उष्माघात, निर्जलीकरण, उत्तेजक द्रव्यांचे सेवन आणि सरावाचा अभाव ही कारणेही संभवतात. बऱ्याचदा एकाहून अधिक कारणे एकत्र येतात. मे-जूनमध्ये झाशीचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा हवेत निरोगी हृदयावरही मोठा ताण येतो आणि सदोष हृदय तर लवकर हार मानते. म्हणून हृदयाची तपासणी आणि चाचणीची वेळ व हंगाम हे दोन विषय वेगवेगळे ठेवून चालत नाही.

हृदय अचानक का थांबते?

तरुण वयातील आकस्मिक हृदयमृत्यूची कारणे प्रौढांपेक्षा भिन्न असतात. पस्तिशीनंतर मुख्य कारण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा. त्याआधी मात्र बहुतेक कारणे जन्मजात किंवा आनुवंशिक असतात. हृदयाच्या स्नायूची भिंत विनाकारण जाड होणे हा त्यांपैकी सर्वांत परिचित विकार असून तो सुमारे ५०० व्यक्तींमागे एकीत आढळतो. जून २००३ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे सामना चालू असताना मैदानावर कोसळलेला कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियाँ फो याला हाच विकार होता. हृदयातील विद्युतप्रवाहाचे विकार हा दुसरा गट. त्यांत हृदयाची रचना निर्दोष दिसते, पण ठोक्यांची लय बिघडू शकते. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चुकीच्या जागेतून उगम पावणे हा तिसरा प्रकार. विषाणूजन्य तापानंतर हृदयस्नायूला येणारी सूज हा चौथा प्रकार असून तो मात्र जन्मजात नसतो. ताप अंगावर काढून सराव करणाऱ्या उमेदवाराने याची नोंद घ्यावी.

भारताच्या संदर्भात आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, घशाच्या जंतुसंसर्गानंतर होणाऱ्या संधिवाती तापामुळे हृदयाच्या झडपा खराब होण्याचे प्रमाण श्रीमंत देशांत जवळजवळ संपले असले, तरी आपल्याकडे ते टिकून आहे. झडपेचा हा दोष अनुभवी डॉक्टरला साध्या स्टेथोस्कोपने ऐकू येऊ शकतो. दुसरी गोष्ट आनुवंशिक आहे. हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ घटकांचा तुकडा गळालेला असण्याचे प्रमाण भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के आहे. हा बदल असलेल्या व्यक्तींमध्ये हृदयस्नायूच्या विकाराचा धोका वाढतो. तथापि त्याचा परिणाम बहुधा वय वाढल्यावर जाणवतो. परदेशातील प्रमाणे जशीच्या तशी भारताला लावण्यात कोणता धोका आहे, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

नियमित व्यायाम करणाऱ्याचे हृदय स्वाभाविकपणेच बदलते. त्याचे ठोके संथ होतात, भिंत थोडी जाड होते आणि इ.सी.जी. म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखात वेगळ्या खुणा उमटतात. हे बदल निरोगी असतात. पण खेळाडूंचे आलेख वाचण्याची सवय नसलेल्या डॉक्टरला ते रोगाचे लक्षण वाटू शकतात. तपासणीच्या अर्थशास्त्राचा निम्मा गुंता येथे आहे.

इटलीचा अनुभव आणि त्यावरील वाद

या क्षेत्रात इटलीचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे १९७१ मध्ये खेळाडूंच्या आरोग्यरक्षणाचा कायदा झाला आणि १९८२ पासून स्पर्धात्मक खेळात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला इ.सी.जी.सह नियमित तपासणी सक्तीची झाली. व्हेनेतो प्रांतातील १२ ते ३५ वर्षे वयाच्या खेळाडूंचा दीर्घकालीन अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आकस्मिक हृदयमृत्यूचे वार्षिक प्रमाण १९७९-८० मध्ये लाखामागे ३.६ होते, ते २००३-०४ मध्ये ०.४ वर आले. म्हणजे घट ८९ टक्के. त्याच अभ्यासात पादुआ येथील केंद्रात तपासलेल्या ४२,३८६ खेळाडूंपैकी ९ टक्क्यांना पुढील चाचण्यांसाठी पाठवावे लागले आणि सुमारे २ टक्क्यांना खेळण्यास मनाई करण्यात आली.

हे आकडे प्रभावी आहेत, परंतु त्यांच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. इस्रायलमध्ये १९९७ च्या क्रीडा कायद्याने अशीच सक्ती केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात कायद्यापूर्वीचे प्रमाण लाखामागे २.५४ आणि कायद्यानंतरचे २.६६ आढळले, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. इस्रायली संशोधकांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. कायदा होण्याच्या लगेच आधीच्या दोन वर्षांत मृत्यू नेहमीपेक्षा जास्त होते. केवळ त्या वर्षांशी तुलना केली असती, तर त्यांच्याकडेही सक्तीमुळे मोठी घट झाल्याचा भास झाला असता. दुर्मीळ घटनांचे प्रमाण वर्षागणिक वरखाली होते आणि कायदे बहुधा वाईट वर्षानंतर होतात. धोरणाचे मूल्यमापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे उत्तम उदाहरण आहे : आधार वर्ष बदलले की निष्कर्ष बदलतो. मात्र इस्रायलचा अभ्यास वृत्तपत्रांतील बातम्यांवर आधारलेला होता, ही त्याची मर्यादाही नमूद केली पाहिजे.

इंग्लंडमधील पुरावा अधिक बोलका आहे. १९९६ ते २०१६ या काळात तेथील फुटबॉल संघटनेने ११,१६८ किशोरवयीन खेळाडूंची इ.सी.जी. आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, अशी तपासणी केली. त्यांपैकी ४२ जणांमध्ये प्राणघातक ठरू शकेल असा विकार सापडला. पुढील काळात आठ जण आकस्मिक हृदयमृत्यूने गेले आणि त्या आठांपैकी सहा जणांची तपासणी निर्दोष ठरली होती. तपासणी आणि मृत्यू यांत सरासरी ६.८ वर्षांचे अंतर होते. एकदाच केलेली तपासणी आयुष्यभराचा दाखला होऊ शकत नाही, कारण काही विकार वाढत्या वयात प्रकट होतात.

भरतीच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा अभ्यास अमेरिकी सैन्यातील आहे. १९७७ ते २००१ या काळात मूलभूत प्रशिक्षण घेतलेल्या सुमारे ६३ लाख प्रशिक्षणार्थींमध्ये अपघाताशिवाय झालेले १२६ आकस्मिक मृत्यू नोंदले गेले. त्यांतील ८६ टक्के व्यायामाशी निगडित होते. जवळपास निम्म्या मृत्यूंत हृदयाचा रचनात्मक दोष आढळला आणि त्यांपैकी एकतृतीयांश प्रकरणांत तो चुकीच्या जागी उगम पावलेल्या धमनीचा होता. हा दोष साध्या इ.सी.जी.त सहसा दिसत नाही. एकूण मृत्यूंपैकी ३५ टक्क्यांचे कारण शवविच्छेदनानंतरही उमगले नाही. विशेष म्हणजे हे सर्व तरुण प्रवेशाच्या वेळची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झालेले होते.

अमेरिकेत यामुळेच इ.सी.जी.ची सरसकट सक्ती करण्यात आली नाही. तेथील हृदयरोग संघटनेने प्रश्नावली आणि शारीरिक तपासणी यांवर भर दिला. २००७ मध्ये तिचे १२ मुद्दे होते, २०१४ मध्ये १४ झाले. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र २००५ मध्ये इ.सी.जी.चा आग्रह धरला. दोन्ही बाजूंना नामवंत तज्ज्ञ आहेत आणि हा वाद मिटलेला नाही.

एक लाख तरुणांचे गणित

वादाचे मूळ समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक लाख तरुणांची इ.सी.जी. तपासणी करावयाची आहे, असे समजा. त्यांच्यात धोकादायक हृदयविकाराचे प्रमाण हजारी तीन आहे. इ.सी.जी. शंभर रुग्णांपैकी ८० जणांना ओळखतो; हिला चाचणीची संवेदनशीलता म्हणतात. शंभर निरोगी व्यक्तींपैकी ९५ जणांना तो निरोगीच ठरवतो. ही विशिष्टता होय. लाखात रुग्ण ३००, त्यांपैकी ओळखले गेले २४०. निरोगी ९९,७००, त्यांपैकी ५ टक्के म्हणजे ४,९८५ जणांवर विनाकारण संशय आला. एकूण संशयित ५,२२५ झाले आणि त्यांपैकी खरोखरचे आजारी जेमतेम ४.६ टक्के. म्हणजे ज्या तरुणाचा आलेख सदोष आला, तो निरोगी असण्याचीच शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त! खेळाडूंचे आलेख वाचण्याचे निकष २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर सुधारण्यात आले. अशा निकषांनी चुकीच्या संशयाचे प्रमाण ५ वरून ३ टक्क्यांवर आले असे मानले, तरी खऱ्या रुग्णांचा वाटा ७.४ टक्क्यांपर्यंतच जातो. विकार दुर्मीळ असला की चाचणी कितीही चांगली असली, तरी संशयितांत निरोगी माणसांचीच गर्दी होते. संभाव्यताशास्त्रातील बेझच्या प्रमेयाचा हा थेट उपयोग आहे.

आता खर्च पाहू. एका इ.सी.जी.चे २०० रुपये आणि संशयितांच्या इकोचे प्रत्येकी १,५०० रुपये धरले, तर पहिला खर्च दोन कोटी आणि दुसरा सुमारे ७८ लाख. एकूण २ कोटी ७८ लाख रुपये. या गटात दर वर्षी लाखामागे एक मृत्यू होतो आणि तपासणीने त्यांपैकी निम्मे टळतात असे गृहीत धरल्यास दहा वर्षांत पाच प्राण वाचतील. एका प्राणामागे खर्च सुमारे ५६ लाख रुपये. हा आकडा मोठा भासतो. परंतु विसाव्या वर्षी वाचलेला तरुण आणखी ५० वर्षे जगेल असे मानले, तर आयुष्याच्या एका वर्षामागे खर्च १.११ लाख रुपये येतो. भविष्यातील वर्षांना ३ टक्के दराने वटाव दिला, तर तो २.१५ लाखांच्या आसपास जातो. भारताचे दरडोई वार्षिक उत्पन्न साधारण याच पातळीवर आहे. आणि दरडोई उत्पन्नाच्या एक ते तीन पट हा आरोग्य उपाययोजनांचा परवडणारा खर्च मानण्याची पद्धत बराच काळ रूढ होती. त्या मापाने ही तपासणी अगदीच निरर्थक ठरत नाही.

तथापि हे गणित नाजूक आहे. मृत्यूचे प्रमाण निम्मे धरले की खर्च दुप्पट होतो. इटलीप्रमाणे दर वर्षी तपासणी केली की तो जवळजवळ दहापट होतो. आणि त्याच २ कोटी ७८ लाखांत किती गरोदर मातांची रक्तक्षयासाठी देखभाल झाली असती किंवा संधिवाती तापाच्या किती मुलांना पेनिसिलिनची नियमित इंजेक्शने मिळाली असती, हा प्रश्न उरतोच. अर्थशास्त्रात यालाच संधी खर्च म्हणतात. सार्वजनिक आरोग्याचा पैसा अपुरा असताना हा प्रश्न टाळणे म्हणजे ज्यांचा आवाज ऐकू येत नाही, त्यांच्या ताटातले काढून घेणे होय.

या सगळ्यातून एक मार्ग निघतो. सरसकट इ.सी.जी.पेक्षा टप्प्याटप्प्याची तपासणी अधिक परवडणारी आहे. पहिल्या टप्प्यात काही प्रश्न, रक्तदाब, नाडी आणि स्टेथोस्कोप. धावताना कधी शुद्ध हरपली का? छातीत दुखते का? बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर धाप लागते का? कुटुंबात पन्नाशीच्या आत कोणी अचानक दगावले का? यांपैकी कशाचेही उत्तर होकारार्थी आले किंवा हृदयातून अनाहूत ध्वनी ऐकू आला, तरच इ.सी.जी. व इको. पहिल्या टप्प्याचा खर्च प्रशिक्षित परिचारिकेची काही मिनिटे आणि डॉक्टरांची थोडी मिनिटे इतकाच आहे. त्याची संवेदनशीलता इ.सी.जी.पेक्षा बरीच कमी आहे, हे मान्य केले पाहिजे. अनेक विकारांत मृत्यू हेच पहिले लक्षण असते. परंतु आज भरतीच्या मैदानावर धावण्याआधी बहुधा काहीच विचारले जात नाही. तुलना त्या शून्याशी करावयाची आहे.

भरतीच्या टप्प्यांचा क्रमही खर्च ठरवतो. उत्तर प्रदेशात २०२४ मध्ये ६०,२४४ शिपाई पदांसाठी सुमारे ४८ लाख अर्ज आले. लेखी परीक्षा आधी झाल्यामुळे पुढील टप्प्यासाठी सुमारे १.७४ लाख उमेदवार पात्र ठरले. इतक्या उमेदवारांची धावण्यापूर्वी प्राथमिक तपासणी करणे अशक्य नाही. महाराष्ट्रात त्याच वर्षी १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले आणि तेथे मैदानी चाचणी लेखी परीक्षेच्या आधी घेतली जाते. अशा रचनेत धावणाऱ्यांची संख्या इतकी मोठी होते की वैद्यकीय तपासणी आधी आणणे अव्यवहार्य ठरते. लेखी परीक्षा, मग प्राथमिक तपासणी, मग धावणे हा क्रम स्वीकारल्यास नवा खर्च फारसा न वाढता धोका कमी होतो. सैन्यातही २०२३ पासून ऑनलाईन लेखी परीक्षा पहिली घेतली जाऊ लागली; त्यामुळे मैदानावर येणाऱ्यांची संख्या आटोक्यात राहते. वैद्यकीय तपासणीचा काही भाग आधी घेण्यास तेथे आता वाव निर्माण झाला आहे.

उमेदवार खरे का सांगत नाही?

प्रश्नावलीचे यश उत्तराच्या खरेपणावर अवलंबून असते. भरतीला आलेल्या तरुणाला धावताना एकदा भोवळ आली होती, असे समजा. ते सांगितले तर अपात्र ठरण्याची भीती. न सांगितले तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. वयोमर्यादेची शेवटची संधी असेल, घरात बहिणीचे लग्न ठरले असेल, शिकवणी वर्गासाठी कर्ज काढलेले असेल, तर तो गप्प राहील हे सांगण्यासाठी अर्थतज्ज्ञाची आवश्यकता नाही. माहिती एका पक्षाकडे आहे, निर्णय दुसऱ्याच्या हाती आहे आणि खरे बोलण्याची किंमत पहिल्यालाच मोजावी लागते. विषम माहितीची ही समस्या विमा व्यवसायात सुपरिचित आहे.

त्यावर प्रशासनाने शोधलेला उपाय म्हणजे हमीपत्र. अनेक भरत्यांत उमेदवाराकडून धावण्याच्या चाचणीपूर्वी स्वतःच्या जबाबदारीचे हमीपत्र लिहून घेतले जाते. हमीपत्राने धोका तसूभरही कमी होत नाही; तो संस्थेकडून कुटुंबाकडे सरकतो, एवढेच. ज्याला आपल्या आजाराची माहितीच नाही, त्याने दिलेल्या संमतीला अर्थ तरी किती?

यावरचा खरा उपाय तपासणी निवडीपासून दूर नेणे हा आहे. ती भरतीच्या दिवशी न होता चौदा-पंधराव्या वर्षी शाळेत झाली, तर लपवण्याचे कारण उरत नाही. तेव्हा सापडलेल्या दोषावर उपचार करता येतात. काही विद्युतविकार शस्त्रक्रियेशिवाय, नलिकेद्वारे कायमचे बरे होतात. ज्याने जोरकस खेळ टाळावा, अशा मुलाला दुसऱ्या वाटेचा विचार करण्यास वेळ मिळतो. पाच वर्षे मैदानावर घालवून विसाव्या वर्षी अपात्र ठरण्यापेक्षा ते कितीतरी कमी क्लेशकारक असते. भारतात यासाठी यंत्रणा अस्तित्वात आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फिरत्या पथकांमार्फत होते आणि जन्मजात हृदयदोष व संधिवाती हृदयविकार हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. त्यात खेळ व श्रमाशी संबंधित चार-पाच प्रश्नांची भर घालणे कठीण नाही.

छावणी, राज्य आणि केंद्र

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना झाशी छावणी हे उत्तम उदाहरण आहे. छावणी क्षेत्रातील स्थानिक स्वराज्य हा संघसूचीतील तिसरा विषय. पोलीस हा राज्यसूचीतील दुसरा, सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा सहावा आणि क्रीडा हा तेहतिसाव्या नोंदीतील विषय. शिक्षण मात्र १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. छावणीत राहणारा मुलगा छावणी मंडळाच्या शाळेत शिकला, राज्य पोलिसांच्या भरतीसाठी धावला आणि आजारी पडल्यावर १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात गेला, तर तो तीन वेगवेगळ्या अधिकारक्षेत्रांतून जातो. त्याची एखादी जुनी वैद्यकीय नोंद असली, तरी ती एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात आपोआप पोहोचत नाही.

दुसरीकडे छावणीसारखी लहान व आटोपशीर संस्था अशा प्रयोगाला सोयीची आहे. छावणी अधिनियम, २००६ नुसार सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालवणे किंवा त्यांना साहाय्य करणे आणि प्राथमिक शाळा चालवणे ही मंडळाची कर्तव्ये आहेत. शाळा आणि दवाखाना एकाच मंडळाच्या अखत्यारीत असणे ही स्थिती मोठ्या शहरांत क्वचितच आढळते. छावणीतील शाळांमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती प्रश्नावली, रक्तदाब आणि हृदयध्वनी यांची नोंद असलेले एक साधे पत्रक देता येईल. आवश्यकता भासलेल्या मोजक्या मुलांचे इ.सी.जी. वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांना दाखवता येतील. दाखल्यावर पात्र-अपात्र असा शेरा नसावा. केवळ नोंद असावी.

मैदानावरील मिनिटे

तपासणी कितीही चोख असली, तरी काही तरुण निसटणारच. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कोसळला. त्याची यापूर्वी अनेकदा हृदयतपासणी झालेली होती. छातीवर तत्काळ दाब देण्यास सुरुवात झाली, विजेचा झटका देणारे यंत्र क्षणात पोहोचले आणि तो वाचला. पुढे तो पुन्हा खेळलाही. याउलट ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर गोल केल्यानंतर प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी झालेल्या टकरीत कोसळला आणि त्याचे प्राण वाचू शकले नाहीत. त्या दिवसानंतर भारतीय फुटबॉलमध्ये मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेची चर्चा प्रथमच गांभीर्याने झाली.

हृदय थांबल्यानंतर विजेचा झटका मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने, छातीवर दाब दिला जात नसेल तर, जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनी रुग्णवाहिका आली तर ती बहुधा मृतदेहच नेते. झटका देणाऱ्या स्वयंचलित यंत्राची किंमत एक लाख रुपये धरली, तरी आधीच्या उदाहरणातील इ.सी.जी. मोहिमेच्या खर्चात २७८ मैदाने सुसज्ज होतील. हे यंत्र दहा वर्षे टिकते असे मानले, तर ते केवळ उमेदवारांच्याच नव्हे, तर मैदानावर येणाऱ्या पंच, पालक आणि निवृत्त जवान यांच्याही उपयोगी पडते. इ.सी.जी. एका व्यक्तीपुरता लाभ देतो. मैदानावरील यंत्र सामाईक आहे. मर्यादित पैशात प्रथम काय घ्यावे, याचे उत्तर यातून बऱ्याच अंशी मिळते : आधी यंत्र आणि प्रशिक्षित हात, मग प्रश्नावली व स्टेथोस्कोप, आणि इ.सी.जी. ज्यांना त्याची गरज भासेल त्यांनाच.

उष्णतेच्या बाबतीतही हाच धडा मिळतो. सिकलसेलचा वाहक असलेल्या सैनिकांना श्रमात मृत्यूचा धोका जास्त असतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मधील अभ्यासात मात्र वाहकांचा मृत्युदर वाढलेला आढळला नाही. स्नायूंना इजा होण्याचे प्रमाण तेवढे जास्त होते. त्या काळात तेथे सर्वच सैनिकांसाठी पाणी, विश्रांती आणि हवामानानुसार सराव यांचे नियम लागू होते. विदर्भातील आदिवासी भागांत सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यातील अनेक तरुण वनरक्षक व पोलीस भरतीला उतरतात. त्यांना वेगळे काढून अपात्र ठरवण्यापेक्षा सर्वांसाठी चाचणी पहाटे ठेवणे, ती मे-जूनमध्ये न घेणे, दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी देणे आणि शेवटच्या रेषेजवळ बर्फ व छत असणे हे स्वस्त आणि न्याय्य आहे.

भरतीच्या जाहिरातीत उंची, छाती आणि धावण्याच्या वेळेचे तक्ते असतात. मैदानावर रुग्णवाहिका कोठे उभी राहील, छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घेतलेले किती कर्मचारी उपस्थित असतील, कोणत्या तापमानाला चाचणी थांबवली जाईल, हेही त्याच जाहिरातीत छापता येते. तसे झाल्यास ती भरती यंत्रणेची लेखी बांधिलकी ठरेल आणि माहितीच्या अधिकाराखाली तिच्या पूर्ततेचा जाब कोणत्याही उमेदवाराला विचारता येईल.